ओढ्यातली चूळ

१९६६ सालचा श्रावण. कोयनेचा मोठा भूकंप झाला, त्याच्या आदल्या वर्षीचा. नागपंचमी तोंडावर आली होती आणि आमची सिंधू विहिरीवर पाणी शेंदत होती. पोहरा कपारीत अडकला. तिने दोरीला दोन झटके दिले, मग विहिरीत वाकून म्हणाली, "चल की वर, मुडद्या. खाली काय तुझ्या बापाचं लगीन लागलंय?"

भोवतीच्या पोरी खदखदून हसल्या. पोहरा निघाला, काठावर येताना डचमळला आणि सिंधूच्या पायावर अर्धं पाणी सांडलं. त्यावर तिने पोहऱ्याच्या आईचा जो उद्धार केला तो मी इथे लिहीत नाही. पोरी डोक्यावरच्या घागरी उतरवून हसायला लागल्या.

सिंधू माझी मधली बहीण, माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठी. सोळा सरून सतरावं लागलं असेल. दिसायला चारचौघींसारखी, पण तोंड उघडलं की भोवती घोळका जमायचा. शेळी, चूल, पायातला काटा, वाटेवरचा दगड, तिच्या शिवीतून काही सुटायचं नाही. पोरी हसल्या की ती फुलायची, आणि फुलली की पुढची शिवी आणखी तिखट यायची. आईने थोबाडीत मारून पाहिलं, उपाशी ठेवून पाहिलं. सिंधू म्हणायची, "मी काय कुणाला मनापासून देती का आई? नुसतं तोंडातून जातंय."

त्या दिवशी हौसाआत्या मागे येऊन उभी राहिली होती ते कुणालाच कळलं नाही. ती आमची सख्खी आत्या नव्हे, साऱ्या गावाची आत्या. कपाळ पांढरं, कमरेत थोडी वाकलेली, आवाज मात्र पितळी घंटेसारखा.

"सिंधे, कुणाला घालतीस गं शिव्या? पोहऱ्याला?"

"सराव करतीय आत्या. बाराचा."

"बाराचा सराव नसतो," आत्या म्हणाली. "वरीसभर जिभंवर शिवी घोळवत बसलीस, तर त्या दिशी तिला कळायचं कसं, कुठं थांबायचं?"

"मला कळतंय की कुठं थांबायचं."

"तुला कळतंय. मी जिभंचं इचारतीय."

पोरी पुन्हा हसल्या. आत्या हसली नाही. तिने आपली घागर भरून घेतली आणि निघून गेली.

हा बार काय प्रकार आहे ते सांगायला हवं. आमचं वाघजळ आणि पलीकडचं हिवरखेडी यांच्या मधून एक ओढा वाहतो. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावच्या बायका पदर खोचून ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहायच्या आणि हात नाचवून एकमेकींना शिव्या द्यायच्या. मागे हलगी, ढोल, शिंग. पुरुष मागच्या बाजूला उभे असत. एखादी बाई रंगात येऊन पाण्यात उतरली की तिला मागे ओढायचं, एवढंच त्यांचं काम. हे कुणी सुरू केलं, का केलं, कुणाला ठाऊक नव्हतं. बार झाला नाही तर पाऊस पाठ फिरवतो, एवढं सगळे मानत.

शिव्याही ठरलेल्याच. तुझा नवरा मेला, तुझं घर बसलं, तू रंडकी, तू वांझोटी. वर्षानुवर्षं त्याच. त्याने कुणाचा नवरा मेला नाही आणि कुणाची कूस बंद झाली नाही. कारण नाव घ्यायचं नाही आणि चुलीपुढचं, म्हणजे घरातलं खरं, बोलायचं नाही. बार संपला की दोन्ही काठांवरच्या बायका पाण्यात उतरत, ओढ्याचं पाणी तोंडात घेऊन चूळ भरत, आणि शिव्या तिथेच वाहून जात. मग एकमेकींच्या लेकीबाळींची चौकशी व्हायची. हौसाआत्या आमच्या काठाची म्होरकी. त्या एका दिवशी तिच्या तोंडून जे ऐकायला मिळे ते ऐकून पुरुष खाली माना घालत. उरलेल्या वर्षात तिने कुत्र्यालाही हाड म्हटलेलं मी ऐकलं नाही.

आमची थोरली बहीण वत्सला, आमची वच्छाक्का, पलीकडे हिवरखेडीत दिली होती. पंचमीला माहेरपणाला यायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत जाऊन पलीकडच्या काठावर उभी राहायची. जिची चूल जिथे, तिचा काठ तिथे. त्या वर्षीही ती आली. तिला सोडायला दिनकरदाजी आणि त्यांचे वडील आले होते. दाजी उंच, हसरे. उन्हाळ्यात हिवरखेडीच्या विहिरीत काठावरच्या लिंबावरून मुटका मारायचे आणि पोरं मोजत राहायची, इतका वेळ पाण्याखाली राहायचे. अलीकडे मात्र आम्ही त्यांना पोहताना पाहिलं नव्हतं.

दाजी चहा पिऊन निघाले तेव्हा वच्छाक्का वेशीपर्यंत त्यांच्या मागे गेली. सासऱ्यांना दोनदा म्हणाली, "मामंजी, ओढ्यातनं हात धरून न्या."

शेजारची चंपाकाकू ओट्यावरून ओरडली, "वच्छे, जावयबापू काय तान्हं बाळ हाय का? शेतात मागं, बाजारात मागं, आता ओढ्यापातूर मागं. नवऱ्याला पदराला बांधून ठेव की."

ओट्यावरच्या बायका हसल्या. वच्छाक्काही हसली, पदराचं टोक तोंडात धरून. हिवरखेडीतही तिला याच गोष्टीवरून चिडवत. मोटेवर नवऱ्याबरोबर, जनावरांपाशी नवऱ्याबरोबर. "लागट बायको" असंच तिला नाव पडलं होतं.

पंचमीच्या दुपारी सगळा गाव झोक्यांपाशी होता. आईने दिंडं उकडायला ठेवली होती आणि वच्छाक्का तिच्यापाशी बसली होती. मी आणि सिंधू मेंदीचा पाला वाटायला म्हणून पडवीत होतो. आतून बराच वेळ आवाज आला नाही, म्हणून सिंधू दाराशी गेली. मी तिच्या मागे.

"तीन वर्सं झाली," आई म्हणत होती. "एखाद्या वैद्याला तरी दाखव गं."

"माझ्यात खोट न्हाई आई."

"मग?"

वच्छाक्का चुलीकडे बघत म्हणाली, "त्यांना फेफरं येतं. लगीन झाल्यावर सुरू झालं. अंग ताठ होतं, डोळं फिरतात, तोंडाला फेस येतो. मी वहाण नाकाशी धरते, मग हळूहळू माणसात येतात. उठल्यावर आधी इचारतात, कुणी बघितलं का."

आईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"म्हणून मी एकटं सोडत न्हाई. इहिरीवर तर न्हाईच. लोकं हसतात, हसू दे." ती थांबली. "सासूबाईंनी देव्हाऱ्यावर हात ठेवून शपथ घेतलीया माझ्याकडनं. शकूचं लगीन ठरलंय कार्तिकात. थोरल्या भावाला फेफरं म्हटल्यावर तिला कोण नेईल? एवढं लगीन पार पडलं, की ते स्वतःच म्हणालेत, साताऱ्याला जाऊन डॉक्टरला दाखवू. कार्तिकापातूर कुणाला कळायला नको, आई. तोवर मूलबाळ कुठलं मनात येतंय."

आईने मान वर केली तर दारात आम्ही दोघी. ती उठून आली, दोघींचे दंड धरले. "तुम्ही काय ऐकलं न्हाई. कळलं?"

"मी कुणाला सांगतीय आई," सिंधू म्हणाली. "मला काय येड लागलंय?" तिचे डोळे भरले होते. संध्याकाळी तिने वच्छाक्काच्या डोक्याला तेल लावलं, वेणी घातली, स्वतःच्या वाटणीचं दिंड तिच्या ताटात सरकवलं. आमच्यात वच्छाक्कावर सगळ्यांत जास्त जीव सिंधूचा होता. तो नसता तर पुढचं घडलं नसतं.

सकाळी आम्ही दोघी तिला ओढ्यापर्यंत पोचवायला गेलो. वरच्या अंगाला पाऊस झालेला, पाणी तांबडं, पोटरीच्या वर. सिंधूने गाठोडं डोक्यावर घेऊन मध्यापर्यंत सोबत केली. तिथे वच्छाक्काने गाठोडं घेतलं आणि म्हणाली, "आता आज मला चांगल्या चार शिव्या दे गं सिंधे. पुढल्या पंचमीपातूर पुरल्या पायजेत."

"चार कशाला, टोपलंभर देती," सिंधू म्हणाली.

दुपारी बार उभा राहिला. लांबलांबच्या गावचे लोक बघायला आले होते, झाडांवर चढून बसले होते. हलगी कडाडली, हौसाआत्याने हात वर करून पहिली शिवी हाणली आणि दोन्ही काठ उसळले. मी लहान, मला फक्त हात नाचवायची परवानगी. सिंधूचं मात्र ते पहिलंच वर्ष होतं. ती सगळ्यांत पुढे, घोटे पाण्यात बुडवून उभी. तिच्या बरोबर समोर दाजींची बहीण शकू. दोघी एका वयाच्या, एरवी ओढ्यावर धुणं धुताना गप्पा मारणाऱ्या. शकूच्या शेजारी वच्छाक्का हसतहसत हात उडवत होती.

आमच्या बाजूच्या बायका सिंधूला चेव आणत होत्या. "हाण सिंधे. आणखी हाण." ती अशा शिव्या जुळवत होती की झाडांवरचे लोक शिट्या मारत होते. मी तिच्याकडे बघत होते. तिचे डोळे चकाकत होते, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या, आणि ती श्वास घ्यायलाही थांबत नव्हती.

शकू मागे हटेना. कमरेवर हात ठेवून ती ओरडली, "वाघजळच्या साऱ्या वांझोट्या गं. तुमच्या लेकी आमच्यात दिल्या, त्याबी वांझोट्या."

ही शिवी जुनीच. दरवर्षी दोन्ही काठांवरून दिली जायची. शकूच्या मनात काही नव्हतं हे मी आजही सांगेन. पण वच्छाक्काचा उडवलेला हात खाली आला. क्षणभरच. मग तिने तो पुन्हा वर नेला. तेवढं सिंधूने पाहिलं.

हलगीवाला हलगी शेकायला जाळाकडे वळला होता. ढोलही थांबला होता. त्या उसंतीत सिंधूचा आवाज दोन्ही काठांवर स्वच्छ ऐकू गेला.

"शके, आधी घरी जाऊन तुझ्या दिनकरदादाच्या नाकाला वहाण लाव. फेफऱ्याला घरात दडवून माझ्या बहिणीला वांझ म्हणतीस?"

त्या दिवशी ओढ्यावर जे बोललं गेलं त्यात याहून साधं वाक्य नसेल. आमच्या बाजूच्या बायका आधी हसल्या, नवीन काहीतरी ऐकलं म्हणून. मग त्यांच्या लक्षात आलं की समोरचा काठ गप्प झालाय. समोर कुणीच हात हलवत नव्हतं.

वच्छाक्काने सिंधूकडे पाहिलं नाही. ती मागे वळली आणि पुरुषांमध्ये उभ्या असलेल्या दाजींना शोधायला लागली. दाजी खाली बघत होते. त्यांच्या दोन्ही बाजूंचे लोक थोडे सरकले होते.

हौसाआत्या पाण्यात उतरली. "झाला बार," ती म्हणाली. "चुळा भरा समद्या."

हलगी पुन्हा वाजायच्या आधीच बार संपला, असं कधी झालं नव्हतं. बायका मुकाट्याने पाण्यात उतरल्या. पलीकडून फार थोड्या आल्या. सिंधूने ओंजळ भरून चूळ भरली, टाकली, पुन्हा भरली, पुन्हा टाकली. ती थांबेचना. शेवटी हौसाआत्याने तिचं मनगट धरलं.

"बास कर. ते पाण्यानं जाण्यातलं न्हाई."

"आत्या, माझ्या तोंडातनं गेलं. मला म्हणायचं न्हवतं."

"व्हय," आत्या म्हणाली. "तेच तुला इहिरीवर सांगत हुते."

बघायला आलेल्यांत शकूच्या ठरलेल्या सासरचे दोघे होते. आठवडा उलटायच्या आत त्यांचा निरोप आला की मुलाचं इतक्यात करायचं नाही. कारण कुणी विचारलं नाही. शकूने तीन दिवस अन्न घेतलं नाही. वच्छाक्काच्या सासूने, गोदाबाईने, तिला देव्हाऱ्यापाशी नेलं आणि म्हणाली, "इथंच हात ठेवला हुतास न्हवं?" एवढंच. मारलं नाही, घालवूनही दिलं नाही. आम्हाला हे सगळं चंपाकाकूकडून कळायचं. तिची भाची तिकडे दिलेली.

दाजींना मात्र लोकांनी सोडलं नाही. पारावरून, शेताच्या बांधावरून. "दिनकर, बायको कुठं? वहाण घेऊन बसलीय का?" तरणी पोरं त्यांना बघून एकमेकांच्या नाकाला चपला लावायची आणि डोळे फिरवून जमिनीवर पडायची. पूर्वी वच्छाक्का मागे फिरते म्हणून हसत, आता का फिरते ते कळलं म्हणून हसत. एके दिवशी दाजींनी तिला अंगणातच सांगितलं, "माझ्या मागनं यायचं न्हाई. दिसलीस तर परत घरात घेणार न्हाई."

ती तरी लपूनछपून जायची. बांधाआड बसून राहायची. एकदा त्यांनी तिला पाहिलं आणि साऱ्या शिवारादेखत हात धरून घरी आणलं. त्यानंतर तिचं जाणं थांबलं.

गणपती होऊन गेले. पाऊस ओढ देऊन बसला होता, म्हणून दाजींनी मोट जुंपली होती. दुपारी कुणीतरी पाहिलं, बैल विहिरीपाशी नुसते उभे आहेत, मोट रिकामी लोंबतेय आणि मोट हाकणारा नाही. काठावर एक वहाण होती.

"पट्टीचा पोहणारा, बुडाला कसा?" असं कुणी म्हणालं नाही. सगळ्यांना आता ठाऊक होतं.

आई-आबांबरोबर मी गेले. सिंधूही निघाली होती, आबांनी तिला घरात कोंडलं. हिवरखेडीत पोचलो तेव्हा दाजींना ओसरीवर ठेवलं होतं. वच्छाक्का त्यांच्या उशाशी बसली होती. विहिरीच्या काठावर सापडलेली वहाण तिने त्यांच्या नाकाशी धरली होती. ती रडत नव्हती. मधूनच त्यांच्या तोंडाकडे वाकून बघायची, आणि पुन्हा धरायची. बायकांनी दोनदा वहाण काढून घ्यायचा प्रयत्न केला, तिने हात झटकला. शेवटी गोदाबाई उठली. सगळ्यांना वाटलं आता ही हिला लाथ घालणार. ती सुनेशेजारी बसली, तिचा हात आपल्या हातात घेतला आणि म्हणाली, "बास झालं, पोरी. आता त्यो उठायचा न्हाई."

आईने तिला माहेरी चल म्हटलं. वच्छाक्का म्हणाली, "माझी चूल इथं हाय."

पुढच्या वर्षी बाराच्या दिवशी सिंधू घरात बसून होती. हौसाआत्या दारात आली. "चल," म्हणाली, "मागं उभी ऱ्हा, पर उभी ऱ्हा." सिंधू आली, सगळ्यांच्या मागे उभी राहिली.

हलगी वाजली. हौसाआत्याने हात वर केला आणि समोर पाहिलं. पलीकडच्या काठावर अगदी पुढे वच्छाक्का उभी होती, मोकळ्या कपाळाने, एका बाजूला शकू आणि दुसऱ्या बाजूला गोदाबाई. आत्याचा हात वरच राहिला. तुझा नवरा मेला, ही बाराची पहिली शिवी. ती आत्याच्या तोंडून निघेना. मागच्या कुणाच्याच निघेना. हलगी वाजत राहिली आणि आमचा काठ मुका उभा राहिला.

तेव्हा वच्छाक्काने पदर खोचला, दोन्ही हात वर केले आणि ओरडली, "काय गं वाघजळच्या मुक्यांनो, जिभा झडल्या का तुमच्या?"

तिच्या मागून हिवरखेडीच्या बायका उठल्या, मग आमच्या उठल्या, आणि बार झाला. पण रंडकी हा शब्द त्या दिवसापासून आमच्या काठावरून गेला. कुणी ठरवलं नाही. तो गेला. चूळ भरायची वेळ झाली तेव्हा सिंधू पाण्यात उतरून पलीकडे निघाली. वच्छाक्काने तिला येताना पाहिलं, चूळ न भरताच पाठ फिरवली आणि चढ चढून निघून गेली.

हौसाआत्या सत्तरच्या दशकातल्या मोठ्या दुष्काळात गेली. शकूचं लग्न उशिरा झालं, दोन मुलं असलेल्या बिजवराशी. तिने ती मुलं चांगली वाढवली असं ऐकलं. गोदाबाई आणि वच्छाक्का एका चुलीवर तीस वर्षं जगल्या. म्हातारीच्या अखेरीला वच्छाक्काच तिला भरवत होती. आमचे आई-आबा गेले, दोन्ही वेळा ती ओढा ओलांडून आली, तिसऱ्या दिवशी परत गेली. त्या दिवसांत ती आणि सिंधू एकाच घरात असायच्या. एकमेकींच्या ताटात वाढायच्या, बोलायच्या नाहीत.

सिंधूला बार्शीकडे दिली. तिच्या सासरचे लोक तिला "घुमी" म्हणायचे. आम्ही सांगितलं की लहानपणी हिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती, तर त्यांना ते खरं वाटायचं नाही. तिच्या नातवंडांनी एकमेकांना एखादी शिवी दिली, तर ती ओरडत नसे; उठायची, तांब्या घ्यायची आणि पोराला मोरीवर नेऊन चूळ भरायला लावायची. का, ते तिने कुणाला सांगितलं नाही.

दोन वर्षांपूर्वी ती गेली. मी उशाशी होते. तिच्या सुनेने चमच्याने तोंडात पाणी घातलं. सिंधूने ते गिळलं नाही. तोंडातल्या तोंडात फिरवलं आणि गालावरून बाहेर सोडलं. सुनेने पुन्हा घातलं, तिने पुन्हा तेच केलं. सून घाबरली, तिला वाटलं सासूला गिळता येत नाही. मला ठाऊक होतं. मी पदराने तिचा गाल पुसला.

तिचे दिवस झाल्यावर मी हिवरखेडीला गेले. वच्छाक्का तेव्हा ऐंशीला टेकली होती. ओसरीवर सुपात ज्वारी पाखडत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं.

"गिळलं न्हाई?" तिने विचारलं.

"न्हाई."

तिने सूप दोनदा पाखडलं, खडे बाजूला केले. मग सूप खाली ठेवून ओढ्याकडे तोंड केलं.

"त्या दिशी पाणी लई गढूळ हुतं, मंजे," ती म्हणाली. "तसल्या पाण्यानं चूळ भरून काय हुणार हुतं तिचं."

आणि तिने सूप पुन्हा मांडीवर घेतलं.